माहिती कुठून आणली, हे विचारायला शिकवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महाविद्यालयांत सध्या प्रकल्पांचे दिवस आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले आपले गाव, तालुका, पीक, जत्रा, चळवळ असा एखादा विषय घेऊन पन्नास-साठ पाने लिहून देतात. मी बेळगावातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. राहायला खानापूर. मुले प्रकल्पासाठी ग्रंथालयात येतात तेव्हा मला एकच पान आधी बघायची सवय लागली आहे : शेवटचे, ‘संदर्भसूची’ असे ठळक अक्षरात लिहिलेले. दुर्दैवाने ते पान फारसे कोणी बघत नाही. मार्गदर्शक सही करतात, परीक्षक मुखपृष्ठ आणि पानांची संख्या बघतात, आणि वीस-पंचवीस गुण पडतात. महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात, नाव बदलून स्पायरल बायंडिंग करून देतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुकानदारांवर मला राग धरायचा नाही. मागणी आहे म्हणून माल आहे.

सीमाभागात हे शेवटचे पान इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. इतिहास, भाषा, हद्द, लोकसंख्या, गावाच्या नावाचे मूळ, यातल्या प्रत्येक गोष्टीला इथे दोन बाजू आहेत. मूल लहानपणापासून घरात, गल्लीत, मंडळात एकाच बाजूचे आकडे ऐकत वाढते. ते आकडे त्याला पाठ असतात, पण आले कुठून ते त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याचे हे शिक्षण आपण करत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण आपल्याला छापावेसे वाटेल तेवढे छापावे.

पहिली गोष्ट राजकारणापासून दूरची आहे, म्हणून तीच आधी सांगते. जांबोटीकडची एक मुलगी भातशेती आणि पाऊस यावर लिहीत होती. तिच्या दुसऱ्याच पानावर वाक्य होते, ‘खानापूर तालुका हा अवर्षणप्रवण तालुका आहे.’ मी तिला विचारले, ‘अगं, तुमच्याकडे पाऊस कसा असतो?’ ती म्हणाली, ‘मॅडम, जूनपासून अंगावरची खोळ निघत नाही. शेतातनं घरी आलं की चुलीपुढंच बसायचं.’ मग हे वाक्य कुठून आले? ‘सरकारी साइटवर हाय की मॅडम.’ तिचे खरेच होते. साइट सरकारी होती, माहितीही बरोबर होती. फक्त ते खानापूर सांगली जिल्ह्यातले, विट्याजवळचे होते. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्याला ही पोर दुष्काळी ठरवून मोकळी झाली होती. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी की, आयुष्यभर डोळ्यांनी बघितलेल्या पावसापेक्षा तिने पडद्यावरच्या ओळीवर जास्त विश्वास ठेवला. ओळ खटकली होती, हे तिने नंतर कबूल केले. पण खटकले तर थांबायचे असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

आम्ही मग दोघींनी बसून शोधले. कर्नाटक राज्याच्या आपत्ती निगराणी केंद्राकडे होबळीनिहाय, म्हणजे तालुक्याच्या उपविभागांनुसार, पावसाच्या नोंदी असतात. त्या मिळाल्या. तिच्या आजोबांना कुठल्या वर्षी रोप कुजले आणि कुठल्या वर्षी लावणी लांबली ते तोंडपाठ होते. तेही तिने तारीख घालून, कोणी सांगितले आणि कधी सांगितले ते लिहून जोडले. प्रकल्प पानांनी लहान झाला, पण त्यातले प्रत्येक वाक्य तिला विचारले तर तिला उत्तर देता येत होते.

सरकारी कागद म्हणजे शेवटचा शब्द, अशी मुलांची समजूत असते. सरकारी कागद भक्कम असतो, पण तो कशाविषयी आहे आणि कधीचा आहे, हे बघितल्याशिवाय तो वापरता येत नाही. आपल्या जिल्ह्याचेच बघा. २०११ च्या जनगणनेत निपाणी नावाचा तालुका सापडणार नाही, कारण तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यात होती. कागवाड अथणीत होते, मुडलगी गोकाकमध्ये, कित्तूर बैलहोंगलात. आजच्या तालुक्याची २०११ शी तुलना करणारा तक्ता कुणी तयार आणून दिला, तर तो कसा केला हे विचारलेच पाहिजे. मागे जावे तसा गुंता वाढतो. १९५१ च्या जनगणनेतल्या बेळगाव जिल्ह्यात चंदगड होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा चंदगड वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याही मागे गेलो तर १८८४ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला बेळगाव जिल्हा वेगळाच आहे. रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान, आणि तालुक्यांच्या यादीत सौंदत्तीऐवजी परसगड, बैलहोंगलऐवजी संपगाव. ‘बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या शंभर वर्षांत एवढ्या पटीने वाढली’ असे वाक्य मुले सर्रास लिहितात. कुठला बेळगाव जिल्हा, हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही.

गॅझेटियरविषयी जरा जास्त सांगते, कारण ते आता इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळते आणि आमच्याकडचा प्रत्येक दुसरा प्रकल्प त्यातूनच उतरलेला असतो. एकविसावा खंड आपल्या जिल्ह्याचा. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेला हा ग्रंथ नद्या, पिके, आठवड्याचे बाजार, रस्ते, व्यापार यांच्यासाठी आजही अतिशय कामाचा आहे. पण तेच पुस्तक जाती-जमातींविषयी बोलायला लागते तेव्हा ते इंग्रज राज्यकारभाराच्या नजरेने बोलते. अमुक समाज कष्टाळू, तमुक आळशी, असली वाक्ये त्या काळच्या अधिकाऱ्यांची मते आहेत. मुले ती वाक्ये मराठीत उतरवून आपल्याच शेजाऱ्यांविषयी छापतात. एकाच पुस्तकाचे एक प्रकरण विश्वासाने घ्यावे आणि दुसरे सावधपणे, हे आपण शिकवले तर पोरांना कळते. ती हुशार आहेत.

आता भाषेच्या आकड्यांकडे येते. आपल्या भागातला सगळ्यात तापलेला विषय हाच. ‘माझ्या गावात २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषक इतके टक्के’ असे वाक्य असलेले प्रकल्प माझ्याकडे येतात. मी विचारते, तक्ता दाखव. तक्ता कधीच नसतो, मोबाइलवर फिरत आलेले चित्र असते. २०११ चा मातृभाषेचा तक्ता सी-१६ या नावाने जनगणना खात्याने दिला आहे आणि तो तालुका पातळीपर्यंत आहे. खेड्यांचा भाषावार आकडा त्यात नाही. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या, साक्षरता, कामकरी माणसे मिळतात, भाषा नाही. तेव्हा कुणी २०११ चा म्हणून गावाचा टक्का दिला, तर तो जनगणनेतून आलेला नाही. कदाचित कुणी घरोघर जाऊन मोजला असेल. मग कोणी, कधी, किती घरे, हे लिहावे. तसे लिहिले तर तो उत्तम संदर्भ होईल, आणि एखाद्या वर्गाने मिळून केले तर फार चांगले काम होईल.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाचेही तसेच. १९६६ साली आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला. २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर कर्नाटकात राहावे, अशी त्याची शिफारस होती. एवढे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही माहीत असते. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राकडे जाणाऱ्या भागात होते, हेही बऱ्याच जणांना माहीत असते. पण अहवाल कोणी उघडलेला नसतो. मराठी मूल लिहिते, अहवाल अन्यायाचा होता. कन्नड मूल लिहिते, अहवालच अंतिम आहे. दोघांनीही तो वाचलेला नसतो. मी स्वतः मराठी घरातली आहे, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला हुतात्मा चौकात जाणाऱ्यांतली आहे. माझे मत काय असेल ते वाचकांनी ओळखावे. म्हणूनच आपल्या मुलांना सांगते की, ज्या अहवालाला विरोध करायचा तो पानोपानी वाचा. आयोगाने कुठले निकष लावले, कुठल्या गावाला कुठला लावला नाही, ते शोधून दाखवा. तसा आक्षेप घेतला तर समोरच्याला उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राने मागितलेली गावे वर्तमानपत्रांत कुठे ८१४ येतात, कुठे ८६५. दोन्ही आकडे एकाच प्रकल्पात, एकाच पानावर बघितले आहेत मी. प्रत्येक आकड्यामागे एक यादी असते आणि एक वर्ष असते. ती यादी मिळवणे म्हणजेच प्रकल्प.

या वर्षी एक नवीन गोष्ट फार वाढली आहे, ती सांगितलीच पाहिजे. मुले चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून संदर्भसूची करून घेतात. सूची इतकी नीटनेटकी असते की बघून समाधान वाटावे. लेखकाचे नाव ओळखीचे, प्रकाशन संस्था पुण्याची नावाजलेली, वर्ष, पृष्ठे, सगळे जागच्या जागी. मी त्यातली पुस्तके शोधायला बसले. लेखक खरे, प्रकाशक खरे, आणि त्यातली निम्मी पुस्तके मला कुठेच सापडली नाहीत. ना आमच्या ग्रंथालयाच्या संगणकीय यादीत (ओपॅकवर), ना विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ना वर्ल्डकॅट या जगभरातल्या ग्रंथालयांच्या सूचीत, ना त्या प्रकाशकाच्या यादीत. हे यंत्र पुस्तक आठवत नाही, पुस्तकाच्या नावासारखे दिसेल असे काहीतरी जुळवून देते. मराठीत आणि त्यातही आपल्या भागाविषयी इंटरनेटवर मजकूर कमी, त्यामुळे इथे ते जास्तच घसरते. नंदगड आणि नांदेड यांची सरमिसळ मी स्वतः वाचली आहे. मुलांनी हे वापरू नये असे मी म्हणत नाही. ‘या विषयाला कन्नडमध्ये कुठले शब्द वापरून शोधू’, असे विचारले तर ते उपयोगी उत्तर देते. पण पुस्तक हातात घेतल्याशिवाय, निदान त्याचे मुखपृष्ठ आणि ते पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते सूचीत लिहायचे नाही, एवढा एक नियम प्रत्येक महाविद्यालयाने केला तरी अर्धे काम होईल.

हातात घेण्याजोगे मिळत नाही, ही तक्रार मात्र आता खरी राहिलेली नाही. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. कर्नाटक विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडचे आहेत. प्रबंधाची प्रकरणे तिथे वेगवेगळ्या फायलींत असतात. मी मुलांना सांगते, सगळ्यात आधी शेवटची फाइल उतरवा, संदर्भसूचीची. एखाद्या संशोधकाने चार-पाच वर्षे फिरून गोळा केलेली वाट तुम्हाला एका फाइलमध्ये मिळते. मग त्यातली मूळ पुस्तके शोधा, प्रबंधातली वाक्ये उचलू नका. प्रबंधही चुकतो. ‘एन-लिस्ट’चे सभासदत्व अनेक महाविद्यालयांकडे असते, त्यातून हजारो इंग्रजी नियतकालिके आणि पुस्तके घरबसल्या वाचता येतात. ग्रंथालयात येऊन आपला पासवर्ड मागून घ्यायचा, एवढेच. मागायला येणारी मुले फार थोडी असतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. नोंदीखाली लेखकाचे नाव असते, ही त्याची मोठी सोय, कारण कोणी लिहिले हे कळले की तोलता येते. विकिपीडियालाही मी नाक मुरडत नाही. तिथला लेख वाचा, तळटीपा बघा, तळटीप जिथे नेते तिथे जा. तळटीप नसलेले वाक्य तिथेच सोडून द्या. आणि एक : नियतकालिकावर आयएसएसएन क्रमांक छापला की ते दर्जेदार, असे मुलेच काय, काही प्राध्यापकही मानतात. तो आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख सांगतो, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. पैसे भरा आणि आठवड्यात लेख छापा म्हणणाऱ्यांकडेही तो असतो.

दहा ठिकाणी छापले आहे म्हणजे खरे, हा आणखी एक गैरसमज. दहा ठिकाणचा मजकूर एकाच ठिकाणाहून उतरलेला असेल तर तो एकच साक्षीदार झाला. शिवरायांच्या जन्मतिथीचा वाद मराठी वाचकांना माहीत आहे. बखरींमुळे १६२७ हे वर्ष वर्षानुवर्षे पुस्तकांतून चालत आले होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेध्यांकडचा तिथीवार नोंदींचा कागद, प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १६३० सालची तिथी होती. नुसत्या एका कागदावर कुणी मत बदलले नाही. तंजावरला परमानंदांच्या ‘शिवभारता’ची प्रत मिळाली, तिच्यातही तीच तिथी निघाली. एक कारीच्या जेध्यांच्या घरातला कागद, दुसरे दूर तंजावरचे संस्कृत काव्य. एकाने दुसऱ्याची नक्कल करण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून त्या दोघांच्या जुळण्याला वजन आले. किती जण सांगतात यापेक्षा किती जण स्वतंत्रपणे सांगतात, हे बघायचे. एवढे जरी पोरांच्या डोक्यात बसले तरी व्हॉट्सअॅपवरचा निम्मा इतिहास गळून पडेल.

आता जरा नाजूक विषय. आपल्या मुलांना संदर्भ तोलायला शिकवताना सर्वांत मोठी अडचण येते ती ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ या वाटणीची. मराठी पुस्तक आपले, म्हणून खरे. कन्नड पुस्तक त्यांचे, म्हणून संशयास्पद. कन्नड मुलांचेही उलट्या बाजूने तेच. बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीचा प्रसंग घ्या. दक्षिणेच्या स्वारीवरून परतताना मराठ्यांनी बेळवडीच्या गढीला वेढा घातला आणि तिथली देसाईण नेटाने लढली. कन्नड परंपरा तिला मल्लम्मा म्हणते, मराठी साधनांत तिचे नाव सावित्रीबाई येते. राजापूरच्या इंग्रज वखारीचे २८ फेब्रुवारी १६७८ चे एक पत्र आहे. इतकी राज्ये जिंकणाऱ्या शिवाजीराजांना ही बाई आवरत नाही, असे त्यात लिहिले आहे. कन्नड मुले हे पत्र आनंदाने उतरवतात, मराठी मुले गाळतात. मी दोघांनाही तेच पत्र पुन्हा वाचायला लावते. पत्र त्याच काळातले आहे, म्हणून मोलाचे. पण लिहिणारा राजापुरात बसला आहे, बेळवडीत नाही. राजांकडून आलेल्या त्यांच्याच माणसांनी सांगितले, असे तो स्वतःच म्हणतो. म्हणजे ऐकीव. शिवाय लिहिणारा इंग्रज व्यापारी, त्याचे राजांशी हिशेबाचे भांडण. बखरी नंतरच्या, पण त्यांच्यात वेढ्याचे तपशील आहेत. धारवाडजवळ यादवाडला या प्रसंगाशी जोडले जाणारे शिल्प आहे, ते जाऊन बघता येते. तिन्ही समोर ठेवली की मराठी मुलाला कळते, या प्रसंगाने महाराजांचे थोरपण कमी होत नाही. कन्नड मुलाला कळते की एका पत्रावर अख्खी कथा उभी राहत नाही. ही दोन मुले मग एकमेकांशी भांडतात ती कागदावरून भांडतात. असे भांडण मला ग्रंथालयात हवेच आहे.

कन्नड न वाचणाऱ्या आपल्या मुलांचे किती नुकसान होते, हे मी रोज बघते. मराठी शाळेतून आलेल्या बहुतेकांना कन्नड अक्षरे येतात, शाळेत शिकलेली असतात. पण न वाचण्याचाच अभिमान होऊन बसला आहे. त्यामागचे दुःख मला समजते. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतर कन्नड हा शब्द आपल्या घराघरांत सक्तीशी जोडला गेला. तरीही ज्या जिल्ह्याचा अभ्यास करायचा, त्याचे जुने शिलालेख, जमिनीचे आजचे उतारे, ग्रामपंचायतींचे ठराव, विधानसभेतल्या चर्चा यांचा मोठा भाग कन्नडमध्ये आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जुने जैन मंदिर, आपण सगळ्यांनी बघितली आहे. तिथले रट्ट राजघराण्याच्या काळातले दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त छापलेले आहे. कन्नड संशोधन संस्था धारवाडला १९३९ पासून आहे, म्हणजे आपण सगळेच मुंबई इलाख्यात असतानापासून. उलट, इथल्या ज्या घरांत मोडी कागद आहेत, ते कन्नड मुलांना वाचता येत नाहीत आणि आता आपल्याही मुलांना येत नाहीत. मुंबई इलाख्याची जुनी दप्तरे मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत, त्यांचा मोठा भाग इंग्रजीत आणि मोडीत. एका जिल्ह्याचा इतिहास चार लिप्यांत विखुरलेला आहे. जो एकच वाचतो तो पाव जिल्हा वाचतो.

आमच्याकडे गेल्या सत्रात एक चांगली गोष्ट झाली. सौंदत्तीकडची एक कन्नड मुलगी आणि येळ्ळूरची एक मराठी मुलगी एकाच टेबलावर बसायच्या. येळ्ळूरची मुलगी गावच्या जमिनींवर काम करत होती आणि पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या कन्नड उताऱ्याच्या, रकान्यांशी झगडत होती. दुसरीने उतारा ओढून घेतला, बोट ठेवत ठेवत रकाने वाचून दाखवले : हा सर्व्हे नंबर, ही आकारणी, हे पीक, हा बोजा. बदल्यात आपल्या मुलीने तिला मराठी भजनांच्या जुन्या वहीतली अक्षरे लावून दिली. त्या वहीत सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी होती आणि ती त्या मुलीच्या प्रकल्पाला हवी होती. मार्गदर्शकांनी सांगून हे झाले नसते. अशा जोड्या मुद्दाम लावता येतील.

संपादक महोदय, आता आपल्याकडे वळते. आमच्या मुलांच्या सूचीत सगळ्यात जास्त वेळा येणारा संदर्भ म्हणजे वर्तमानपत्रे. हा विश्वास मोठा आहे, आणि मराठी वर्तमानपत्रांनी सीमाभागात तो मिळवलेला आहे. म्हणून काही मागावेसे वाटते.

निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर दरवर्षी कुणीतरी लिहिते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, ६ एप्रिलला गोळीबार झाला. मुले ७ एप्रिलच्या बातमीचे कात्रण मिळवतात आणि थांबतात. पहिल्या दिवशीची बातमी घाईची असते. मृतांचे आकडे, नावे, गोळीबार कधी आणि का, हे पुढच्या आठवडाभर बदलत जाते. म्हणून मी त्यांना पुढच्या पंधरा दिवसांचे अंक बघायला सांगते, जमले तर कन्नड वर्तमानपत्राचेही. आणि निपाणीत जाऊन त्या वेळी रस्त्यावर बसलेल्या माणसांना भेटायला सांगते. तो माणूस कुठे बसला होता, त्याने स्वतः काय बघितले आणि काय नंतर ऐकले, हे वेगळे वेगळे लिहून घ्यायला सांगते. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांनाही विचारायला सांगते, कारण कात्रणांत त्यांचा आवाज जवळजवळ नाही. पण जुने अंक बघायचे कुठे? सार्वजनिक वाचनालयांत काही मिळतात, काही वाळवीने खाल्लेले, काही वर्षे गायबच. आपल्या कार्यालयातल्या बांधीव फायली आठवड्यातून एक दिवस, ग्रंथपालाचे पत्र घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला बघू द्याव्यात, ही माझी पहिली विनंती. मोबाइलने फोटो काढू द्यावेत. जुना कागद उलटताना कसा हाताळायचा, हे आम्ही शिकवून पाठवू.

दुसरी विनंती. वर्धापनदिन, पुण्यतिथ्या, शताब्द्या यांच्या निमित्ताने आपल्या पुरवण्यांत माहितीपूर्ण लेख येतात. बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी झाली तेव्हा तर सगळीकडेच पाने भरून आली. गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन, डिसेंबर १९२४, टिळकवाडी, गंगाधरराव देशपांडे, अधिवेशनासाठी खोदलेली विहीर. मुलांनी हे सगळे उतरवले. पण गांधीजी इथे नेमके काय बोलले, हे एकाही प्रकल्पात नव्हते. त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी आवृत्तीत पंचविसाव्या खंडात आहे आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर कुणालाही वाचता येते. लेखाखाली अशी एक ओळ आली असती, ‘भाषण इथे वाचा’, तर माझी खात्री आहे, पाच-दहा मुलांनी ते उघडले असते. प्रत्येक बातमीला संदर्भ देता येत नाही, हे समजते. पण इतिहासावरच्या लेखाखाली दोन ओळींत ‘आधार’ म्हणून काय वाचले ते छापावे. आणि आकड्याची चूक दुरुस्त केली तर ती दुरुस्ती मूळ बातमी जिथे होती त्याच पानावर यावी. मुले आतल्या पानावरची चौकट बघत नाहीत, चुकलेलाच आकडा पुढची वीस वर्षे प्रकल्पांत फिरत राहतो.

तिसरी गोष्ट आपल्या वाचकांकडे मागायची आहे, आपल्यामार्फत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा आपल्या गावांत साहित्य संमेलने भरतात, त्यांच्या स्मरणिका निघतात. मराठी शाळांच्या शतकमहोत्सवांच्या स्मरणिका निघाल्या. वाचनालयांचे वार्षिक अहवाल आहेत, दूध संस्थांचे, पतसंस्थांचे, भजनी मंडळांचे इतिवृत्त आहेत. गावचे पहिले मास्तर कोण, शाळा कुठल्या वाड्यात भरायची, पटकीच्या साथीत गाव कुठे हलले, हे फक्त तिथेच सापडते. हे कुठल्याही संकेतस्थळावर नाही, कुठल्या यंत्राला माहीत नाही, आणि दर दिवाळीच्या सफाईत त्यातले काही रद्दीत जाते. ज्यांच्या माळ्यावर अशा स्मरणिका असतील, त्यांनी त्या जवळच्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. द्यायच्या नसतील तर स्कॅन करायला दोन दिवस द्याव्यात. वर पेन्सिलीने एवढेच लिहावे : कोणाकडून मिळाली, कुठल्या गावची, कुठल्या वर्षीची.

आणि प्राध्यापक मंडळींना एक मागणे. प्रकल्पाचा विषय देताना, लिहायला लागण्याआधी, एक तास ग्रंथालयात आणा. प्रत्येक मुलाने एकच संदर्भ आणायचा आणि त्याविषयी तोंडी सांगायचे : हे कोणी लिहिले, कधी लिहिले, त्याला हे कसे कळले, आणि त्याला असे लिहिण्यात काय स्वारस्य होते. तोंडी परीक्षेत निदान पाच गुण याला द्या. ज्या वर्षी आमच्या इतिहासाच्या एका सरांनी असे केले, त्या वर्षी मुले पुस्तक घेऊन माझ्याकडे वाद घालायला येत होती. ‘मॅडम, या लेखकाचं ऐकायचं का?’ असे विचारत होती.

जूनमध्ये नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी आपल्या जुन्या फायली बघू देण्याविषयी काही ठरले तर कळवावे. सुरुवातीला १९५६, १९८१ आणि १९८६ या तीन वर्षांचे अंक मिळाले तरी पुरे, मुलांचे सर्वाधिक विषय त्याच वर्षांचे असतात. हातमोजे आणि पेन्सिली आम्ही आणू.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक ग्रंथपाल, खानापूर (जि. बेळगाव)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)